गाडी उलाळ का होते?
छोटी ट्रॉली निवडण्यामागचे विज्ञान

छत्रपती संभाजीनगरहून पैठण, सिल्लोड, कन्नड किंवा वैजापूर यांपैकी कोणत्याही रस्त्याला लागा, थोड्याच वेळात एखादी ट्रॉली दिसतेच. कधी तिच्यात मोसंबीचे क्रेट असतात, कधी मका, कापूस किंवा कडबा, कधी पाण्याची टाकी, तर कधी दुसऱ्या गावाला न्यायचा पॉवर टिलर. फळबागांमध्ये १५ ते २५ अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर आले, तशा त्यांच्यामागे जोडायच्या छोट्या ट्रॉल्याही आल्या.

ट्रॅक्टर घेताना शेतकरी चार ठिकाणी चौकशी करतो. अश्वशक्ती किती, डिझेल किती खातो, सुटे भाग कुठे मिळतात, सगळे विचारतो. ट्रॉलीच्या बाबतीत मात्र बहुधा दोनच प्रश्न असतात : किती फुटी आणि केवढ्याला? ट्रॉलीला इंजिन नाही, गिअर नाही; मग तिच्यात पाहायचे काय, असे वाटते. प्रत्यक्षात ट्रॅक्टर चढावर पुढून उचलला जाणे, उतारावर ट्रॉलीने त्याला ढकलत नेणे, वळणावर ट्रॉली कलंडणे, या तिन्ही प्रसंगांत दोष इंजिनाचा नसतो. तो असतो वजन कुठे ठेवले याचा आणि ते थांबवण्याची सोय काय केली याचा.

हे समजायला लागणारे विज्ञान शाळेच्या पाठ्यपुस्तकातले आहे : तरफ, गुरुत्वमध्य, घर्षण, जडत्व आणि गतिज ऊर्जा. म्हणून हा विषय शिक्षकांपुढे मांडावा असे आम्हांला वाटले. ग्रामीण शाळेतल्या पुष्कळ मुलांच्या घरी ट्रॉली असते किंवा ती घेण्याचा विचार चाललेला असतो. वर्गात केलेले एक गणित घरच्या खरेदीला उपयोगी पडावे, अशी संधी फार वेळा येत नाही.

उलाळ गाडी

बैलगाडी हाकणाऱ्या माणसाला 'उलाळ' हा शब्द शिकवावा लागत नाही. गाडीत माल मागे जास्त झाला की दांडी वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून वर ओढले जाते, आणि गाडी उलाळ झाली असे म्हणतात. याउलट माल पुढे जास्त झाला तर जू जड होते आणि सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. जाणता गाडीवान दोन पोती मागे किंवा पुढे सरकवतो आणि गाडी 'तोलात' आणतो.

ही सरळसरळ तरफ आहे. गाडीचा आस हा टेकू. आसाच्या पुढचे वजन दांडी खाली दाबते, मागचे वजन ती वर उचलते. बल गुणिले टेकूपासूनचे अंतर याला परिबल म्हणतात. दोन्ही बाजूंच्या परिबलांत जेवढा फरक राहील, त्याच्या प्रमाणात दांडीच्या टोकावर भार येतो.

हा भार बैलांना किती जाचक होतो याची जाणीव ऊस वाहतुकीत विशेष होते. २०२२ साली सांगली जिल्ह्यातील राजारामनगर येथील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी 'सारथी' नावाची एक साधी युक्ती तयार केली. दोन बैलांच्या मध्ये, दांडीच्या पुढच्या भागाखाली त्यांनी एक फिरते चाक बसवले. दांडीवरचा उभा भार त्या चाकावर जातो आणि बैलांना गाडी फक्त ओढावी लागते. गाडीला जणू तिसरा पाय मिळाला.

१८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. पुढे लोखंडी धाव चढवलेल्या लाकडी चाकांच्या जागी हवेचे टायर आले आणि 'डनलॉप गाडी' हा शब्द मराठीत रुळला. ओढायला गाडी हलकी झाली, पण तोलाचा नियम तोच राहिला. आज बैलाच्या जागी ट्रॅक्टर आहे, आणि ट्रॅक्टर मान हलवून तक्रार करत नाही, एवढाच फरक.

दांडीवर किती भार येतो?

एक उदाहरण घेऊ. दोन चाकांची छोटी ट्रॉली आहे. रिकामे वजन ४०० किलो, आणि ते बरोबर आसावर तोललेले आहे असे धरू. दांडीच्या हुकापासून आसापर्यंतचे अंतर २.५ मीटर. तिच्यात १००० किलो माल भरला. (या लेखात बलही आपण 'इतक्या किलो वजनाएवढे' असे मोजू. न्यूटन हवे असतील त्यांनी ९.८ ने गुणावे.)

मालाचा गुरुत्वमध्य आसाच्या पुढे २५ सेंटिमीटर असेल तर हुकावर येणारा भार १००० × ०.२५ ÷ २.५ म्हणजे १०० किलो. गुरुत्वमध्य आणखी पुढे, ७५ सेंटिमीटरवर गेला, तर ३०० किलो. आणि तो आसाच्या मागे २५ सेंटिमीटर गेला, तर हुक १०० किलोच्या बलाने वर उचलला जाईल, म्हणजे ट्रॉली उलाळ होईल. माल तोच, ट्रॉली तीच. पोती फूटभर पुढे-मागे झाली, एवढ्यानेच हा फरक पडतो.

हा भार मोजायला महागडे यंत्र लागत नाही. घरातला वजनकाटा सहसा १२० ते १५० किलोपर्यंतच दाखवतो, म्हणून एक फळी घ्यावी. तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर, दोन्ही टेकूंमध्ये ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे. सपाट जागी, चाकांना पुढून-मागून दगड लावून, दांडी विटेपासून ३० सेंटिमीटरवर टेकवावी. काटा एक-तृतीयांश भार दाखवेल. फळीमुळे आधीच दिसत असलेले वजन वजा करावे आणि उरलेल्याला तीनने गुणावे. हीही तरफच.

चढावर पुढची चाके

आता ट्रॅक्टरकडे वळू. छोट्या ट्रॅक्टरचे वजन ८०० किलो धरू. त्यापैकी ३२० किलो पुढच्या चाकांवर आणि ४८० किलो मागच्या चाकांवर आहे. पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर दीड मीटर. हुक मागच्या आसाच्या अर्धा मीटर मागे आणि जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर आहे. या वर्गातल्या ट्रॅक्टरांना हे आकडे साधारण लागू पडतात.

हा ट्रॅक्टर ती भरलेली ट्रॉली घेऊन मुरमाच्या शेतरस्त्याने चढतो आहे. चढ दहास एक, म्हणजे दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची. ट्रॉलीचे एकूण वजन १४०० किलो. चढामुळे १४० किलो आणि मुरमावर चाके लोळवण्यासाठी सुमारे ७० किलो, अशी मिळून २१० किलोची ओढ हुकावर लागते. पुढच्या चाकांवरचा भार आता तीन कारणांनी घटतो.

पहिले कारण हुकावरचा उभा भार. तो मागच्या आसाच्या मागे असल्याने ट्रॅक्टरला मागे दाबतो आणि पुढून उचलतो. हुकावर ३०० किलो असतील तर पुढची चाके ३०० × ०.५ ÷ १.५ म्हणजे १०० किलोने हलकी होतात. दुसरे कारण ओढ. ती जमिनीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर मागे खेचते, त्यामुळे २१० × ०.४ ÷ १.५ म्हणजे ५६ किलो घटतात. तिसरे, चढावर ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन मागे सरकते. त्याचा गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटर उंचीवर धरला तर आणखी ३२ किलो गेले. ३२० पैकी उरले १३२. सुकाणू हलके लागू लागते. चालक चाक वळवतो, पण ट्रॅक्टर सरळच जाऊ पाहतो. अशा वेळी क्लच झटकन सोडला तर पुढची चाके हवेत जाऊ शकतात.

दोर किंवा साखळी खालच्या हुकाऐवजी ९० सेंटिमीटर उंचीवर, वरच्या भागाला बांधली तर? ५६ च्या जागी १२६ किलो घटतील आणि पुढे फक्त ६२ किलो उरतील. रुतलेली ट्रॉली काढताना वरच्या भागाला साखळी बांधू नये असे जाणते लोक सांगतात, त्यामागे हे गणित आहे.

दोन चाकी की चार चाकी?

मग हुकावर अजिबात भार नको, असे म्हणावे का? चार चाकी ट्रॉलीत तसेच असते. पुढची दोन चाके दांडीबरोबर वळतात, सगळे वजन ट्रॉलीच्या स्वतःच्या चाकांवर राहते आणि ट्रॅक्टरला फक्त ओढायचे असते. मोठ्या वजनाला, लांब पल्ल्याला आणि पक्क्या रस्त्याला ही रचना चांगली.

पण हुकावरच्या भाराचा एक फायदाही असतो. ट्रॅक्टर पुढे जातो तो मागच्या चाकांच्या घर्षणामुळे, आणि घर्षण त्या चाकांवरच्या वजनावर अवलंबून असते. आपल्या उदाहरणात ट्रॉलीला २१० आणि ट्रॅक्टरला स्वतःला १२०, मिळून ३३० किलोची ओढ मागच्या चाकांनी द्यायची आहे. सुट्या मुरमावर घर्षणांक ०.५ धरू. हुकावर काहीच भार नसेल तर चढावर मागच्या चाकांवर ५६८ किलो येतात आणि मिळते २८४ किलोची ओढ. ती अपुरी असल्याने चाके जागीच फिरतील. हुकावर १०० किलो असतील तर मागे ७०१ किलो येतात, ओढ ३५० पर्यंत मिळते आणि ट्रॅक्टर निघतो. त्याच वेळी पुढच्या चाकांवर १९९ किलो शिल्लक राहतात, म्हणजे सुकाणूही ताब्यात राहते. हुकावर ३०० किलो ठेवले तर ओढ ४८४ किलोपर्यंत मिळेल, पण सुकाणूचे काय होते ते आपण पाहिलेच.

म्हणून छोट्या ट्रॅक्टरला, बागेतल्या अरुंद वाटांना आणि कच्च्या रस्त्याला दोन चाकी ट्रॉली बरी पडते, मात्र तोल सांभाळून. मालाच्या वजनाचा सुमारे दहावा भाग हुकावर यावा, हा हिशेब ध्यानात ठेवायला सोपा आहे. शिवाय दोन चाकी ट्रॉली मागे घेणे सोपे. चार चाकी ट्रॉलीत हुक आणि पुढचा फिरता आस असे दोन सांधे असतात. मागे ढकलताना दोन्ही वाकतात आणि नवखा चालक गोंधळतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये ट्रॅक्टरची व्याख्या आहे : स्वतःवर माल वाहण्यासाठी न बनवलेले वाहन. ती वाचताना हुकावर तीनशे किलो लादलेला ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणून पाहावा. त्याच कायद्यात ट्रॉलीही स्वतंत्र वाहन मानली आहे. म्हणून तिचीही नोंदणी परिवहन कार्यालयात करावी लागते.

शेपूट हलू लागते तेव्हा

युरोप-अमेरिकेत मोटारीमागे छोटा ट्रेलर जोडून त्यावर ओबडधोबड जमिनीवर चालणारी चारचाकी मोटारसायकल नेण्याची पद्धत आहे. आपल्याकडेही अशी वाहने नवी नाहीत. २००७ साली पिथमपूर येथे सुरू झालेल्या 'बाहा' स्पर्धेसाठी देशभरातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी अशाच धाटणीची गाडी स्वतः बांधतात. मोटारीमागच्या ट्रेलरसाठी अमेरिकेत एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर ठेवण्याचा सल्ला देतात. तिथे कारण वेगळे आहे : वेग.

ट्रेलर हुकाभोवती डावी-उजवीकडे झुलू शकतो. वाऱ्याचा झोत आला किंवा चाक खड्ड्यात गेले की तो थोडा बाजूला जातो. तेव्हा टायर किंचित तिरके घासत चालतात आणि त्यातून निर्माण होणारे आडवे बल ट्रेलरला पुन्हा रांगेत आणते. झोके शमतात ते या तिरकेपणामुळे. आता बाजूला जाण्याचा वेग तोच असेल आणि पुढे जाण्याचा वेग वाढला, तर तिरकेपणाचा कोन लहान होतो. म्हणजे वेग जितका जास्त, तितके झोके शमणे मंद. त्यात वजन आसाच्या मागे असेल तर बाहेर गेलेले शेपूट आणखी बाहेर जाऊ पाहते. एका विशिष्ट वेगापुढे झोके शमण्याऐवजी वाढत जातात आणि ट्रेलर पुढच्या गाडीलाही फिरवून टाकतो.

२० किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या ट्रॅक्टरला हा धोका कमी. पण तीच ट्रॉली जीप किंवा पिकअपमागे जोडून ५०-६० च्या वेगाने नेली, तर तो खरा ठरतो. ट्रॅक्टरसाठी बनवलेली ट्रॉली वेगवान वाहनामागे जोडू नये. झोके सुरू झालेच तर सुकाणू फिरवून ते 'सुधारण्याचा' प्रयत्न करू नये. सुकाणू सरळ धरून वेग हळूहळू उतरू द्यावा.

उतारावर कोण कोणाला थांबवतो?

कन्नड-चाळीसगाव दरम्यानचा औट्रम घाट किंवा दौलताबादहून वेरुळकडे जाताना लागणारा घाट आपल्या ओळखीचा. अशा ठिकाणी ट्रॉलीच्या निवडीची खरी परीक्षा होते.

बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. ट्रॉलीला ब्रेकच नसतील तर २२०० किलोंचा सारा जथा या दोन चाकांनी आवरायचा. दहास एक उतारावर गुरुत्वाकर्षण त्याला २२० किलोच्या बलाने खाली ओढते. चाकांचा रस्त्यावरचा विरोध सुमारे ४४ किलो वजा केला तरी १७६ किलो उरतात. हुकावर १०० किलो भार असताना उतारावर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर जेमतेम ५८० किलो असतात. पावसाने भिजलेल्या, चिखलाळ डांबरी रस्त्यावर घर्षणांक ०.४ धरला तर ती चाके जास्तीत जास्त २३२ किलोचा रोध देऊ शकतात. म्हणजे थांबण्यासाठी शिल्लक फक्त ५६ किलो! ताशी २० किलोमीटरच्या वेगाने उतरणारा हा ट्रॅक्टर उभा राहायला साठ मीटरहून अधिक अंतर घेईल. लहान गिअर टाकून इंजिनाचा रोध घेतला तरी तोही याच दोन टायरांमधून जमिनीपर्यंत पोहोचतो. लहान गिअर आवश्यकच आहे, त्याने ब्रेक तापत नाहीत. पण टायरांची पकड त्याने वाढत नाही.

आता ट्रॉलीच्या चाकांनाही ब्रेक आहेत असे समजा. त्यांच्यावर १३०० किलो भार आहे. त्याचा रोध ५२० किलो. थांबण्यासाठी ५६ ऐवजी ५७६ किलो मिळतात आणि अंतर येते सुमारे ६ मीटर. साठ आणि सहा!

ब्रेक नसलेल्या ट्रॉलीचा आणखी एक धोका म्हणजे ती मागून ढकलते. ट्रॅक्टर आणि ट्रॉली एका रेषेत नसतील, वळणावर असतील, तर हा धक्का तिरका बसतो आणि दोघे कात्रीसारखे मिटतात. त्यात चालक मध्ये सापडतो. म्हणून ट्रॉली निवडताना पत्र्याच्या जाडीआधी ब्रेकची विचारणा करावी. ब्रेक नसतीलच तर घाटाच्या वरच थांबून लहान गिअर टाकावा, आणि माल अर्ध्यावर आणावा.

उंच भरलेली ट्रॉली, अर्धी भरलेली टाकी

ट्रॉली बाजूला किती कलली म्हणजे पडेल? गुरुत्वमध्यातून खाली सोडलेला ओळंबा चाकाच्या बाहेर गेला की पडेल. दोन चाकांमधले अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य १ मीटर उंचीवर असेल तर हा कोन ३५ अंश येतो. कापूस किंवा कडबा उंच रचून गुरुत्वमध्य १.८ मीटरवर गेला तर फक्त २१ अंश. कापूस हलका असतो, त्याचे काय एवढे, असे म्हणता येत नाही. कलंडण्याचा कोन वजनावर नव्हे, उंची आणि रुंदीवर ठरतो.

वळणावर हेच घडते. १२ मीटर त्रिज्येच्या वळणावर पहिली ट्रॉली ताशी सुमारे ३३ किलोमीटरला कलंडेल, तर उंच भरलेली २४ लाच. टायर दबतात, रस्त्याला खड्डे असतात. म्हणून खरी मर्यादा याहून खाली असते. निवडताना दोन ट्रॉल्यांत बाकी सारे सारखे असेल तर जिची चाके दूर-दूर आणि तळ बुटका, ती घ्यावी.

पाण्याच्या टाकीची गोष्ट निराळी. २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यांत मराठवाड्याने टँकरच्या किती फेऱ्या पाहिल्या ते सांगायला नको. १००० लिटर पाणी म्हणजे १००० किलो, हे गणित सोपे. टाकी काठोकाठ भरली असेल तर पाणी एका ठोकळ्यासारखे वागते. अर्धी भरली की ब्रेक लावताच ते पुढे धावते, वळणावर बाहेरच्या बाजूला जाते आणि परत उसळते. गुरुत्वमध्य स्वतःच हिंडू लागतो. म्हणून टाकीत भोके पाडलेले आडवे पडदे असावेत. पाणी त्यातून जाते, पण लाटेसारखे धावत नाही. अर्धी टाकी हलकी म्हणून जोरात न्यावी, हा समज चुकीचा आहे.

यंत्र ट्रॉलीत चढवताना

पॉवर टिलर किंवा तत्सम चाकांचे यंत्र चढवायचे असेल तर दोन गोष्टी पाहाव्यात. ४०० किलोचे यंत्र ७५ सेंटिमीटर उंच तळावर दीड मीटरच्या फळीवरून चढवायला २०० किलोचे बल लागते, तीन मीटरच्या फळीवरून १०० किलोचे. उतरणीचे हे तत्त्व आपण शिकवतोच. म्हणून बुटका तळ, लांब फळ्या, आणि फळ्या घसरू नयेत म्हणून फाळक्याच्या कडेला हूक.

दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. यंत्र शेपटावर आले की ते आसाच्या मागे असते. १.२ मीटर मागे असेल तर हुक ४०० × १.२ ÷ २.५ म्हणजे १९२ किलोने वर उचलला जातो. ट्रॉली जोडलेली नसेल तर ती लगेच उलाळते. जोडलेली असली तरी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार ४८० वरून सुमारे २२४ किलोंवर येतो. ज्या चाकांच्या ब्रेकवर आपण विसंबलो, तीच हलकी झाली! म्हणून चढवण्याआधी ट्रॉलीच्या मागच्या कडेखाली भक्कम ठोकळा द्यावा आणि चाकांना दगड लावावेत. यंत्र चढल्यावर त्याचा गुरुत्वमध्य आसाच्या किंचित पुढे येईल असे उभे करावे, गिअरमध्ये ठेवावे आणि चारही कोपऱ्यांना ताणून बांधावे. नुसत्या पुढच्या दोराने बांधलेले यंत्र ब्रेक लागताच जडत्वाने पुढे येते.

अंधारातली ट्रॉली

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा मोटारसायकलस्वार सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो. समोर काही आहे हे कळून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. त्यानंतर थांबायला आणखी साधारण २३. दिव्याच्या मंद झोतात, धुळीने माखलेली, दिवा नसलेली ट्रॉली ४८ मीटरवरून दिसेलच याची खात्री नाही.

लाल परावर्तक त्यासाठी असतो. साधा आरसा प्रकाश दुसरीकडे पाठवतो. परावर्तकात परस्परांशी काटकोन करणारे तीन-तीन बारीक पृष्ठभाग असतात. त्यांवर आलेला किरण तीनदा परावर्तित होऊन जिकडून आला तिकडेच परततो, म्हणजे थेट त्या स्वाराच्या डोळ्यांकडे. त्याला वीज लागत नाही. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसला की झाले. ट्रॉली कितीही चांगली घ्या, मागे दोन परावर्तक आणि चालू दिवा नसेल तर निवड अपुरी आहे.

थोडक्यात

ट्रॉली पाहायला जाताना विचारायचे प्रश्न असे. आपला सर्वांत जड माल कोणता आणि त्याचे वजन किती? ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत किती वजन ओढण्याची मर्यादा दिली आहे? रिकाम्या ट्रॉलीचे वजन त्यात धरले का? आस कुठे बसवला आहे, आणि तळ सारखा भरला तर भार हुकावर किती येतो? तळाची उंची आणि चाकांमधली रुंदी किती? ट्रॉलीला ब्रेक आहेत का? हुकाच्या पिनेला निसटू न देणारी कडी आहे का? सोडल्यावर दांडी टेकवायला पाय आहे का? टायरवर लिहिलेली भारमर्यादा मालाला पुरते का? मागे दिवा आणि परावर्तक आहेत का? किमतीचा प्रश्न यानंतर.

आणि एक गोष्ट प्रश्नाची नव्हे, नियमाची. ट्रॉली मालासाठी आहे. लग्नाला, जत्रेला, मजुरीला किंवा शाळेला जाणाऱ्या माणसांसाठी नाही. पोते बांधून ठेवता येते. माणूस उभा राहतो, सरकतो आणि गुरुत्वमध्य वर नेतो.

वर्गात करून पाहा

१) मीटरपट्टी एका पेन्सिलीवर टेकवा. ही पेन्सिल म्हणजे आस. पट्टीचे एक टोक स्प्रिंगकाट्याला अडकवा आणि काही वजने पुढे-मागे सरकवून नोंदी घ्या. अंतर आणि स्प्रिंगकाट्याचे वाचन यांचा आलेख सरळ रेषा येतो का? वजन पेन्सिलीच्या पलीकडे गेल्यावर काय होते?

२) पुठ्ठा, दोन झाकणे आणि सायकलच्या चाकाची एक तार यांची दोन चाकी ट्रॉली करा. खेळण्यातल्या गाडीच्या मागे तिची दांडी टाचणीने सैल जोडा आणि जोडी गुळगुळीत उतारावरून सोडा. नाणी आधी आसाच्या पुढे, मग मागे ठेवा. दोन्ही वेळा ट्रॉलीला बाजूने हलकी टिचकी द्या. उतार वाढवत जा आणि झोके कधी शमतात, कधी वाढतात ते पाहा.

३) काड्यापेटी फळीवर आधी आडवी आणि मग उभी ठेवून फळी हळूहळू तिरकी करा. कलंडण्याचा कोन मोजा आणि गणिताने आलेल्या कोनाशी ताडून पाहा. घसरू नये म्हणून फळीवर सँडपेपर चिकटवा.

४) मुलांना घरच्या किंवा शेजारच्या ट्रॉलीची मापे घेऊन यायला सांगा : हुकापासून आसापर्यंतचे अंतर, तळाची लांबी, चाकांमधली रुंदी, तळाची उंची. ट्रॉली सपाट जागी, सोडलेल्या स्थितीत आणि चाकांना दगड लावून असावी. मोजताना मोठे माणूस जवळ असावे. मग वर्गात हिशेब करा : या ट्रॉलीत ४५ किलोच्या युरियाच्या वीस गोण्या कुठे ठेवल्या म्हणजे दांडीवर दहावा भाग येईल?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ट्रॉलीला वेगळे येईल. ते उत्तर खडूने ट्रॉलीच्या आतल्या बाजूला एक रेघ मारून लिहून ठेवता येते : गोण्यांची मधली रांग इथे. गाडीवानाला ही रेघ दिसत नव्हती, त्याच्या बैलांच्या मानेवरून त्याला ती कळत होती. ट्रॅक्टर ती सांगत नाही, म्हणून आपण ती मोजून काढायची.